चार महिने, चार भिंती

आठवड्याचे तास १६८. नोकरी-धंदा सांभाळून आठवड्याला दीडशे किलोमीटर सायकल चालवणाऱ्याला घरचे लोक वेड्यात काढतात. पण ताशी वीसच्या वेगाने हे दीडशे किलोमीटर साडेसात तासांत संपतात. उरलेले एकशेसाठ तास सायकल कुठेतरी उभी असते. बाल्कनीत, जिन्याखाली, नाहीतर सोसायटीच्या पार्किंगमध्ये दोन स्कूटरींच्या मधल्या फटीत. खरेदी करताना आपण साडेसात तासांचाच विचार करतो: फ्रेम किती हलकी, गिअर किती, टायर केवढे. एकशेसाठ तासांचा विषय दुकानात कुणी काढत नाही, आणि सायकलीची बरीचशी दुखणी त्याच तासांत सुरू होतात.

पावसाळ्यात हा हिशेब आणखी बिघडतो. मुंबईत मोसमी पाऊस साधारण ११ जूनला पोचतो आणि ऑक्टोबर लागल्यावर परततो. सांताक्रूझला या काळात दोन हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो. पुण्यात वर्षभराचा मिळून सातशेच्या आसपास, म्हणून पुणेकर निर्धास्त असतात. पण गंजण्यासाठी पोलादाच्या अंगावर पाऊस पडावाच लागतो असं नाही. हवेतली सापेक्ष आर्द्रता साधारण साठ टक्क्यांच्या वर गेली की धातूवर डोळ्यांना न दिसणारा पाण्याचा थर बसतो आणि गंजायला वेग येतो. जुलै-ऑगस्टातली पुण्याची सकाळ या मर्यादेच्या बरीच वर असते. म्हणजे छपराखाली ठेवलेली, पावसाचा थेंबही न पाहिलेली सायकलही गंजू शकते.

सायकल कशी निवडायची हे आधीच्या प्रकरणांत बोलून झालं आहे. आता ती घरात ठेवायची कशी आणि पाऊस रस्त्यावर जाऊ देत नाही तेव्हा घरातच चालवायची कशी, ते पाहू. दोन्हीकडे गाठ पाण्याशीच आहे. आधी पावसाच्या, मग घामाच्या.

गंज कुठे लपतो

नटावर आलेला तांबूस डाग मनाला लागतो, पण त्याने फारसं बिघडत नाही. खरं नुकसान आत होतं. पावसात मागचं चाक पाण्याचा फवारा थेट सीटखालच्या फटीवर मारतं. ते पाणी सीटपोस्टच्या कडेने फ्रेमच्या नळीत उतरतं आणि खाली पॅडलच्या आसाभोवती, म्हणजे बॉटम ब्रॅकेटमध्ये, साचून बसतं. फ्रेम पोलादाची असेल तर ती आतून गंजते. ॲल्युमिनियमची असेल तर गंज दिसत नाही, पण बॉटम ब्रॅकेटच्या बेअरिंगमधलं ग्रीस धुऊन जातं आणि ऑगस्टपर्यंत दर पॅडलला ‘कट कट’ आवाज येऊ लागतो. मग दुकानात पॅडल बदललं जातं, चेन बदलली जाते, आणि आवाज तसाच राहतो.

उपाय अगदी साधा आहे आणि म्हणूनच बहुधा कुणी करत नाही. सीटच्या उंचीची खूण टेपने करून ठेवायची, सीटपोस्ट पूर्ण उपसून काढायचा, सायकल उलटी करून नळीतलं पाणी निथळू द्यायचं, आतून कापड फिरवायचं आणि ग्रीसचा पातळ हात देऊन सीटपोस्ट परत बसवायचा. पावसाळ्यात दोन-तीनदा केलं तरी पुष्कळ. पोलादी फ्रेममध्ये ॲल्युमिनियमचा सीटपोस्ट असेल तर हे टाळूच नये. दोन वेगळे धातू आणि मधे खारट किंवा मळकं पाणी अशी जोडी जमली की विजेच्या घटासारखी रासायनिक क्रिया सुरू होते, ॲल्युमिनियमवर पांढरट भुकटी धरते आणि सीटपोस्ट असा जाम होतो की शेवटी करवत लावावी लागते. कार्बनच्या भागांना मात्र ग्रीस लावत नाहीत. त्यांची वेगळी पेस्ट मिळते.

याच कारणासाठी मडगार्ड हवेत. रेसिंगच्या सायकलीला मडगार्ड शोभत नाहीत असं मानणारा एक वर्ग आहे. जुलैच्या रविवारी सकाळी त्यांच्या पाठीवर कमरेपासून मानेपर्यंत चिखलाचा सरळ पट्टा ओढलेला दिसतो. तेवढाच चिखल सीटच्या नळीतही गेलेला असतो, फक्त तो दिसत नाही.

आता चेन. तिचा प्रत्येक दुवा अर्ध्या इंचाचा, म्हणजे १२.७ मिलिमीटरचा. साधी एकगिअरी सायकल असो की लाखाची, हे अंतर सगळीकडे तेच. ‘चेन ताणली गेली’ असं मेकॅनिक म्हणतो, पण पोलाद काही लांबत नाही. दुवे जोडणाऱ्या पिना आणि त्यांच्या भोवतीची भोकं झिजतात. प्रत्येक जोडात थोडी थोडी फट पडते आणि शंभरावर दुव्यांची मिळून चेन लांब भासते. झिजवणारा असतो तो तेल, पाणी आणि रस्त्यावरच्या बारीक मातीचा काळा लगदा. आतल्या आत तो घासकागदाचं काम करतो.

ही झीज मोजायला खास गेज मिळतं, पण बारा इंचांची पोलादी पट्टीही पुरते. पट्टीचा शून्य एका पिनेच्या बरोबर मध्यावर धरायचा. नव्या चेनवर तिथून चोविसावी पिन बरोबर बारा इंचांवर येते. ती एक सोळांश इंच पुढे गेली असेल तर झीज अर्ध्या टक्क्यावर पोचली आहे. चेन बदलायची वेळ झाली. एक अष्टमांश इंच पुढे गेली असेल तर उशीर झाला. झिजलेल्या चेनने आपल्या मापाने मागचे दातेही झिजवून ठेवले आहेत. नवी चेन त्यांच्यावर घसरेल आणि मागच्या चक्रांचा संच, म्हणजे कॅसेटही बदलावी लागेल. कॅसेट चेनपेक्षा महाग असते. एका पट्टीच्या जोरावर वाचणारे हे पैसे आहेत.

तेलाच्या बाबतीत घराघरांत प्रयोग चालतात. खोबरेल आणि शेंगदाण्याचं तेल चेनला घालू नये. खाद्यतेल हवेशी संयोग पावून चिकट होतं आणि धूळ धरून ठेवतं. शिलाई मशीनचं तेल चालतं, पण ते इतकं पातळ असतं की एका पावसात धुऊन जातं. डब्ल्यूडी-४० हा निळा-पिवळा डबा १९५३ सालापासूनचा. त्याचा जन्म धातूवरचं पाणी हटवण्यासाठी झाला, त्या कामाला तो उत्तम आहे. टिकाऊ वंगण म्हणून त्याच्यावर भिस्त ठेवू नये. पावसाळ्यासाठी ‘वेट ल्युब’ नावाचं दाट तेल येतं. ते प्रत्येक रोलरवर एक थेंब या हिशेबाने आतल्या बाजूने घालायचं, पॅडल उलटं फिरवायचं आणि मग कापडाने चेन बाहेरून जवळजवळ कोरडी होईपर्यंत पुसायची. तेलाची गरज आत, पिनांना असते. बाहेरचं तेल फक्त माती गोळा करतं आणि पँटची वाट लावतं.

भिजून आलेली सायकल त्याच दिवशी पुसायची, दुसऱ्या दिवशी नाही. आणि मोटारसायकलींच्या सर्व्हिसिंग सेंटरमध्ये नेऊन प्रेशरच्या पाण्याने धुऊन घ्यायचा मोह आवरायचा. तिथला फवारा बेअरिंगच्या सीलमागे पाणी ढकलतो आणि वर सायकल मात्र चकाचक दिसते. बादली, फडकं आणि जुना टूथब्रश पुरे.

खुंटी कोणत्या भिंतीला

कोरडी केलेली सायकल ठेवायची कुठे? वाड्यात हा प्रश्न नव्हता. जिन्याखालची जागा सायकलीचीच असायची. फ्लॅटमध्ये बहुतेकांची पहिली पसंती बाल्कनीला असते. पश्चिमेच्या किंवा नैर्ऋत्येच्या बाल्कनीत पावसाची झड आत येते, म्हणून सायकलीवर प्लॅस्टिकचं कव्हर घातलं जातं. माझ्या मते गंज लवकर आणायचा हा खात्रीचा मार्ग आहे. खालून शिरलेली दमट हवा कव्हरखाली अडकते आणि रात्री गारवा आला की तिचं पाणी होऊन सायकलीवरच बसतं. जुनी सुती चादर बरी. ती धूळ अडवते आणि हवा जाऊ देते. बंद बाल्कनी नसेल तर सायकल आतल्या खोलीतच आणावी, घरातून कितीही विरोध झाला तरी.

आतल्या खोलीत जागेचं गणित करताना एक गोष्ट हमखास चुकते. हायब्रिड सायकल साधारण पावणेदोन मीटर लांब असते. ती पुढच्या चाकाने हुकाला उभी टांगली की भिंतीवरची जागा वाचते हे खरं, पण सायकलीची उंची आता खोलीत आडवी येते. हँडल आणि सीट भिंतीपासून मीटरभर पुढे येतात. छोट्या खोलीत येता-जाता खांदा लागणार. उलट, वरच्या दांड्यावर आडवी टांगली तर ती भिंतीची पावणेदोन मीटर लांबी घेते, पण पुढे फक्त हँडलच्या रुंदीइतकी येते. सोफ्याच्या किंवा पलंगाच्या वरची भिंत अशा वेळी उपयोगी पडते. रोड सायकलचं हँडल ४० ते ४४ सेंटिमीटर रुंद असतं. माउंटन बाइकचं ७० च्या पुढे जातं. तेव्हा आधी हँडल मोजायचं आणि मग जागा. दारासारखे बाजूला वळणारे हूकही मिळतात. उभी टांगलेली सायकल त्यांच्यावर भिंतीलगत दुमडता येते. दोन सायकली शेजारी टांगायच्या असतील तर एक हूक वीत-दीड वीत वर घ्यावा, म्हणजे हँडलं एकमेकांत अडकत नाहीत.

चाकावर टांगल्याने रिम वाकेल ही भीती अनेकांना वाटते. जे चाक खड्ड्यातून तुमचं वजन घेऊन जातं, त्याला दहा-बारा किलोची सायकल जड नाही. हायड्रॉलिक ब्रेक असतील तर मात्र उभ्या टांगलेल्या सायकलीत तेलाच्या टाकीतला हवेचा बुडबुडा नळीत सरकू शकतो. खाली उतरवल्यावर ब्रेक पोकळ लागला तर पाच-दहा वेळा दाबून पाहायचं. मग घट्ट झाला तर ठीक. पुन्हा पुन्हा तसंच होत असेल तर ब्रेकमध्ये हवा शिरली आहे, ती काढून घ्यावी.

खरी जोखीम भिंतीची आहे. गेल्या वीसेक वर्षांत बांधलेल्या अनेक इमारतींत आतल्या भिंती विटेच्या नसून सच्छिद्र, हलक्या ब्लॉकच्या असतात. कारागीर त्याला सरसकट ‘सिपोरेक्स’ म्हणतात. ड्रिल लावलं की लाल भुकटीऐवजी पांढरी-करडी भुकटी पडते आणि ड्रिल लोण्यात गेल्यासारखं आत जातं, तेव्हा समजायचं. नेहमीचा छोटा प्लॅस्टिकचा प्लग अशा भिंतीत धरत नाही. सुरुवातीला धरल्यासारखा वाटतो, मग रोजच्या काढ-घालीने सैल होतो. या ब्लॉकसाठी लांब, वेगळ्या बनावटीचे प्लग मिळतात. ते वापरावेत किंवा सरळ काँक्रीटच्या कॉलम-बीममध्ये भोक पाडावं. भाड्याच्या घरात भोक पाडायला बंदी असेल तर जमीन आणि छत यांच्यात ताणून बसवायचा खांब किंवा चाक रोवून उभं करायचं स्टँड आहेच. जिन्यात किंवा लॉबीत सायकल साखळीने बांधून ठेवणं मात्र योग्य नाही. आग लागली तर अंधारात, धुरात लोक त्याच वाटेने पळणार असतात.

बरेच दिवस उभ्या राहणाऱ्या सायकलीच्या टायरमध्ये हवा राखायला हवी. ट्यूबमधून हवा हळूहळू झिरपतेच. बसलेल्या टायरच्या कडा घडीवर चिरतात. यासाठी घरात मीटर असलेला, उभा राहून मारायचा पंप हवा. सायकलनंतरची पहिली खरेदी मी याचीच सांगतो. घड्याळ, गॉगल, जर्सी सगळं नंतर. फक्त आपल्या ट्यूबचा व्हॉल्व्ह कोणता ते आधी पाहायचं. जुन्या पद्धतीच्या सायकलीला डनलॉप, माउंटन बाइकला बहुधा मोटारीसारखा श्राडर आणि रोड सायकलला बारीक, टोकाशी छोटी चकती असलेला प्रेस्टा. पेट्रोल पंपावरची नळी श्राडरला थेट लागते. प्रेस्टाला पितळी ॲडॅप्टर लागतो; तो सीटखालच्या पिशवीत टाकून ठेवावा.

पाय आधी की गिअर

घरात सराव कशासाठी करायचा, असं विचारलं तर दहातले नऊजण घाटाचं नाव घेतील. सिंहगड, बोपदेव, कसारा, आंबेनळी. म्हणून सरावाची यंत्रं बघण्याआधी एक हिशेब करून टाकू. स्वार ७५ किलोचा, सायकल १० किलोची, चढ आठ टक्के. पुढे ३४ दाते, मागे सर्वांत मोठं चक्र २८ दात्यांचं. पॅडलचे मिनिटाला साठ फेरे राखायचे तर वेग ताशी नऊ किलोमीटरच्या थोडा वर येतो आणि त्यासाठी सुमारे १९० वॅट शक्ती लागते. मागचं चक्र ३४ दात्यांचं असतं, तर तेवढेच फेरे मारताना वेग ताशी साडेसातवर येईल आणि शक्ती १५५ वॅटच्या आसपास पुरेल.

पस्तीस वॅटचा फरक. नवखा नसलेल्या, चाळिशीतल्या हौशी स्वाराला एवढी शक्ती वाढवायला महिनोन्महिने घाम गाळावा लागतो. कॅसेट बदलायला अर्धा तास लागतो. फक्त चेन एका चक्रावरून दुसऱ्यावर नेणारा मागचा डिरेलर ३४ दात्यांना पुरेल का, हे मेकॅनिककडून पाहून घ्यायचं. मोठं चक्र लावणं म्हणजे कमीपणा, असं मानणारे लोक आहेत. टूर द फ्रान्सचे जनक आंरी देग्रांज यांनाही गिअर बदलण्याचं वावडं होतं. त्या शर्यतीत डिरेलरला १९३७ पर्यंत परवानगी नव्हती. तोवर स्वार घाटाच्या पायथ्याशी उतरून मागचं चाक उलटं बसवायचे, कारण त्याच्या दुसऱ्या बाजूला मोठं चक्र असे. आपल्यावर ती वेळ नाही. आधी गिअर नीट लावावेत, मग पायांकडे वळावं.

रूळ, चुंबक आणि मोटार

घरात सायकल चालवायचं सर्वांत जुनं साधन म्हणजे रोलर. तीन रूळ, मागचे दोन आणि पुढचा एक, पट्ट्याने जोडलेले. सायकल कुठेही बांधलेली नसते. चाकं फिरतात म्हणूनच ती उभी राहते. तोल आणि पॅडलची सलग गोल चाल शिकवायला याच्यासारखा गुरू नाही. शिकताना दाराच्या चौकटीत बसावं, म्हणजे कलंडलं तर धरायला दोन्ही बाजूंना लाकूड असतं. बहुतेक साध्या रोलरचा विरोध कमी असतो. घाटाची तयारी त्यांच्यावर होत नाही.

दुसरा प्रकार ट्रेनरचा, मागचं चाक कचकन धरून टायरवर छोटा रूळ दाबणारा. विरोध चुंबकाचा असेल तर शाळेतला लेन्झचा नियम इथे भेटतो. चुंबकाजवळून फिरणाऱ्या धातूच्या चकतीत विजेचे भोवरे तयार होतात आणि ते चकतीच्या फिरण्यालाच विरोध करतात. चकती कशालाही न टेकता अडवली जाते आणि तुमची मेहनत उष्णता होऊन निघून जाते. द्रव भरलेल्या ट्रेनरमध्ये पंख्याची पाती दाट तेलात फिरतात. वेग वाढवला की विरोध झपाट्याने वाढतो, त्यामुळे तो रस्त्यावरच्या वाऱ्याच्या जवळ जातो. या प्रकारात टायर झिजतो, तापतो, आणि माउंटन बाइकच्या गोट्यांचा टायर असेल तर असा घरघरतो की बोलणं ऐकू येत नाही. मागच्या चाकाला क्विक रिलीजऐवजी नट असतील तर पकड नीट बसायला वेगळे नट लागतात. ट्रेनर घेण्याआधी आपल्या सायकलीच्या आसाकडे एकदा पाहावं.

तिसरा, डायरेक्ट ड्राइव्ह. मागचं चाक काढून फ्रेम थेट यंत्रावर बसवायची. यंत्राला स्वतःची कॅसेट असते. आवाज कमी, टायरची झीज शून्य, शक्तीचं मोजमाप बऱ्यापैकी अचूक. किंमत मात्र पुष्कळदा सायकलीहून जास्त. सात गिअरच्या, फ्रीव्हील असलेल्या साध्या सायकली यावर बसत नाहीत असं दुकानांत सांगितलं जातं. ते सरसकट खरं नाही. चाक काढल्यावर त्यावरच्या फ्रीव्हीलचा संबंधच उरत नाही. ट्रेनरवर सात चक्रांची कॅसेट आणि तिच्यामागे योग्य जाडीच्या स्पेसर चकत्या बसवल्या की काम होतं. अडतं ते फ्रेमच्या मागच्या दोन टोकांमधल्या अंतरावर. रोड सायकलीत ते १३० मिलिमीटर, हायब्रिड-माउंटनमध्ये १३५, आणि थ्रू-ॲक्सल असेल तर १४२ किंवा १४८. ट्रेनरबरोबर यांतले कोणते ॲडॅप्टर येतात ते विचारून घ्यावं.

‘स्मार्ट’ ट्रेनर म्हणजे विरोध स्वतः बदलणारा. पडद्यावर चढ आला की पॅडल जड होतं. त्यातल्या ‘अर्ग’ पद्धतीत तुम्ही १५० वॅट ठरवले की यंत्र १५० वॅटच मागतं. पाय मंदावले तर विरोध वाढवून तेवढेच वसूल करतं. दमलेल्या माणसाचे पाय यात रुतत जातात, फेरे घटतात, विरोध आणखी वाढतो आणि शेवटी पॅडल थांबतं. अशा वेळी झगडत बसू नये. काही सेकंद सोडून द्यावं आणि हलक्या फेऱ्यांनी पुन्हा सुरू करावं.

पाऊण लिटर घाम

आता दुसरं पाणी. माणसाचं शरीर अन्नातल्या ऊर्जेपैकी साधारण पाव भागच पॅडलपर्यंत पोचवतं, किंबहुना थोडं कमीच, बाकी उष्णता. पॅडलवर १५० वॅट दिसत असतील तेव्हा अंगातून सुमारे ५०० वॅट उष्णता बाहेर टाकावी लागते. बाहेर ताशी पंचवीसच्या वेगाने जाताना तेवढ्याच वेगाचा वारा अंगावर असतो. घरात तो शून्य. ही सगळी उष्णता घामाच्या बाष्पीभवनाने घालवायची तर तासाला पाऊण लिटर घाम सुकायला हवा. सुकायला हवा, नुसता गळायला नव्हे. मुंबईच्या जुलैत हवा आधीच पाण्याने भरलेली. घाम सुकत नाही, ओघळतो, आणि ओघळलेल्या घामाने शरीर थंड होत नाही. नाडी मात्र वाढत राहते. त्याच वॅटला घरात नाडी दहा-पंधराने जास्त दिसते ती यामुळे. तब्येत बिघडली असं समजून घाबरायचं कारण नाही, आणि जिद्दीने तसंच रेटायचंही कारण नाही.

म्हणून ट्रेनरचं बजेट ठरवताना त्यात पंखा धरावा. छताचा पंखा कामाचा नाही. तो डोक्यावर आणि पाठीवर वारा टाकतो. समोरून छातीवर येणारा मोठा स्टँडचा पंखा हवा, शक्य तर दोन. खिडक्या उघड्या असाव्यात. एसी असेल तर उत्तम, कारण तो हवा कोरडीही करतो. एक टनाचा एसी साधारण साडेतीन किलोवॅट उष्णता ओढतो. एका स्वाराचे पाचशे वॅट त्याला सहज झेपतात. पाणी हाताशी ठेवावं. लिटरभर घामाबरोबर अंदाजे दोन-तीन ग्रॅम मीठ जातं, तेव्हा तासाहून जास्त चालवायचं असेल तर मीठ-साखर घातलेलं लिंबाचं सरबत पुरतं. महागड्या पुड्यांत याहून फार वेगळं काही नसतं.

ते मीठ सायकलीवरही पडतं. रस्त्यावर घाम मागे उडून जातो. ट्रेनरवर तो सरळ हँडलच्या मध्यावर, स्टेमच्या बोल्टांवर आणि वरच्या दांड्यावर ठिबकतो. हँडल टेपखाली साचलेला खारट ओलावा ॲल्युमिनियम पोखरतो. टेप बदलायला काढली आणि हँडलवर खड्डे व पांढरी भुकटी दिसली, असं मेकॅनिक सांगतात. असं हँडल रस्त्यावर मोडू शकतं. पंचा हँडलपासून सीटपर्यंत ताणून बांधायचा, झाल्यावर ओल्या फडक्याने सायकल पुसायची आणि स्टेमचे बोल्ट कोरडे करायचे. पावसात एकदाही बाहेर न काढलेली सायकल घरात पावसाळाभर ट्रेनरवर राहून जास्त गंजलेली निघते, याचं अनेकांना आश्चर्य वाटतं.

खालच्या मजल्यावरच्या काकांचंही ऐकायला हवं. ट्रेनरचा आवाज हवेतून कमी आणि स्लॅबमधून जास्त जातो. तुमच्या खोलीत मंद गुणगुण असते तेव्हा त्यांच्या छतात घरघर असते. योगाची चटई याला पुरत नाही. व्यायामशाळेत वापरतात तसा जाड रबराचा तुकडा, आणि त्याखाली फोमचा एक थर, असं असेल तर कंपनं बरीच अडतात. ट्रेनर भिंतीलगत ठेवावा, खोलीच्या मधोमध नको. स्लॅब मध्यावर जास्त हलतो. आणि पहाटे पाचला सुरू करण्याआधी त्यांना एकदा विचारावं.

किती आणि कसं

घरातला एक तास रस्त्यावरच्या तासापेक्षा दाट असतो. उतार नाही, सिग्नल नाही, चहा नाही. पाय सतत फिरत असतात. त्यामुळे पाऊण-एक तासाची आठवड्यातून तीन सत्रं हौशी माणसाला खूप झाली. त्यातलं एकच जोराचं ठेवावं: दहा-पंधरा मिनिटं अंग तापवून, आठ-आठ मिनिटांचे तीन-चार टप्पे, ज्यात तुटक वाक्यापलीकडे बोलता येऊ नये, आणि मधे हलकं फिरवणं. बाकी दोन सत्रांत गप्पा मारता याव्यात इतपतच जोर. दर दहा मिनिटांनी उभं राहून पॅडल मारावं. रस्त्यावर सायकल सतत डुलते, ट्रेनरवर ती गच्च बांधलेली असते, म्हणून सीट एकाच जागी रुतते. पहिल्या आठवड्यात तक्रार पायांची नसतेच.

वॅटच्या दुनियेत ‘एफटीपी’ हा आकडा परवलीचा आहे. साधारण तासभर टिकवता येईल अशी सरासरी शक्ती, असा त्याचा ढोबळ अर्थ. वीस मिनिटं जीव तोडून चालवायचं आणि आलेल्या सरासरीचे ९५ टक्के धरायचे, ही रूढ रीत. आपल्याच जूनच्या आकड्याशी सप्टेंबरचा ताडून पाहायला तो उत्तम. व्हॉट्सॲप ग्रुपवर दुसऱ्याच्या आकड्याशी ताडायला निरुपयोगी, कारण दोन ट्रेनर एकाच पायाला वेगवेगळे वॅट दाखवतात.

घरातल्या सरावाने काय होतं आणि काय होत नाही, याचं उदाहरण मॅथ्यू हेमन यांचं. २०१६ च्या फेब्रुवारीअखेर या ऑस्ट्रेलियन स्वाराचा हात शर्यतीत मोडला. हात बांधलेला असताना त्यांनी गॅरेजमध्ये ट्रेनरवर सराव चालू ठेवला, आणि १० एप्रिलला पॅरिस-रुबे ही दगडी रस्त्यांची शर्यत, चार वेळच्या विजेत्या टॉम बोनेनला मागे टाकून, ३७ व्या वर्षी जिंकली. ट्रेनर विकणाऱ्यांना ही गोष्ट फार आवडते. ते सांगत नाहीत ते इतकंच, की हेमन त्याआधी तीच शर्यत दहाहून जास्त वेळा धावले होते. गॅरेजने त्यांचं हृदय आणि पाय राखले. त्या दगडांवर सायकल कशी सांभाळायची हे त्यांना आधीच येत होतं. पडद्यावरच्या शर्यतींना तर आता स्वतःचं जगज्जेतेपद आहे. २०२० च्या डिसेंबरमध्ये पुरुषांचं पहिलं पटकावलं ते जेसन ऑस्बोर्न या जर्मन नौकानयनपटूने. फुप्फुसं आणि पाय यांच्यावरच निकाल लागणार असेल तर वल्ही मारणाराही जिंकतो.

रस्त्यावर निकाल आणखीही गोष्टींवर लागतो; त्यात सायकलीची अवस्थाही आली. खंडेनवमीला सायकल धुऊन-पुसून हार घालायची रीत आपल्याकडे आहे. तोवर पाऊसही ओसरलेला असतो. ओव्हरहॉलिंगला तोच मुहूर्त धरावा. सीटपोस्ट काढून नळी पाहायची, चेनला पट्टी लावायची, चाकांचा आउट काढून घ्यायचा, ब्रेकच्या रबरांत रुतलेले ॲल्युमिनियमचे कण टोकदार पिनेने काढायचे. ट्रेनरवर वापरलेला मागचा टायर मध्यावर सपाट झाला असेल तर तो पुढच्या जूनसाठी बाजूला ठेवायचा. रस्त्यावर वळताना तो दगा देतो. आणि पहिल्या रविवारी घाट चढून गेल्यावर पाय कितीही ताजे वाटले तरी उतार जपून उतरायचा. चार महिन्यांत छाती-पाय तयार झालेले असतात, पण वळणं आणि ब्रेक यांचा हात मात्र जूनमध्ये होता तिथेच असतो. आणि ऑक्टोबरात घाटाच्या सावलीतल्या वळणांवर शेवाळ अजून वाळलेलं नसतं.